बर्गरमधलं मांस आणि हातातला फोन : ग्राहकांच्या मतावर कुठे विसंबायचं, कुठे नाही?

बर्गरच्या दुकानात बसलेल्या कुठल्याही चार मित्रांचं बोलणं ऐका. एक म्हणतो, "यात चिकन कमी आणि वरचं पीठच जास्त." दुसरा म्हणतो, "तुला चव कळत नाही, त्या समोरच्या दुकानापेक्षा इथलं मांस कधीही भारी." थोड्या वेळाने खाणं बाजूला राहतं आणि टेबलावर ठेवलेले फोन वादात येतात. तुझा कॅमेरा, माझी बॅटरी, त्याचा फोन कसा तापतो. दोन्ही वादांत सगळे सारख्याच ठामपणे बोलत असतात. पण त्या ठामपणाला दोन्हीकडे सारखं वजन देता येत नाही. का, हे समजून घ्यायचं तर २०१३ सालच्या आयर्लंडपासून सुरुवात करावी लागेल.

चव ठीक होती, पण मांस घोड्याचं होतं

१५ जानेवारी २०१३ रोजी आयर्लंडच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एक तपासणी जाहीर केली. सुपरमार्केटमध्ये बीफ बर्गर म्हणून विकल्या जाणाऱ्या २७ उत्पादनांची डीएनए चाचणी झाली होती. त्यातल्या १० मध्ये घोड्याचा डीएनए सापडला आणि २३ मध्ये डुकराचा. बहुतेकांत तो अगदी किरकोळ होता. पण टेस्कोच्या एका बर्गरमध्ये बीफच्या तुलनेत घोड्याच्या मांसाचं प्रमाण २९ टक्के निघालं.

पुढच्या महिन्यात ब्रिटनमध्ये फिंडस कंपनीचा 'बीफ लझान्या' तपासला गेला. १८ पैकी ११ नमुन्यांत घोड्याचं मांस ६० ते १०० टक्के होतं! म्हणजे काही पाकिटांत बीफ जवळपास नव्हतंच. घोड्याचं मांस गोमांसापेक्षा स्वस्त, एवढं साधं गणित यामागे होतं. माल रोमानियातल्या कत्तलखान्यांतून निघाला तेव्हा त्यावर 'घोडा' असंच लिहिलेलं होतं. सायप्रसमध्ये नोंदवलेली एक कंपनी, तिचा डच व्यापारी, मग फ्रान्समधली मांस कंपनी आणि शेवटी लक्झेंबर्गचा कारखाना, अशा प्रवासात कुठेतरी घोड्याचा बैल झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्या डच व्यापाऱ्याला दोन वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली.

बर्गर किंगचंही नाव यात आलं, कारण ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये त्यांना बर्गर पुरवणारा आयरिश कारखाना वादात सापडला होता. कंपनीने पुरवठादार बदलला. त्यांच्या रेस्टॉरंटमधल्या नमुन्यांत घोड्याचा अंश सापडला नाही, पण कारखान्यातून घेतलेल्या काही नमुन्यांत अगदी थोडा सापडला, हे त्यांना जाहीर करावं लागलं.

आता मूळ मुद्दा. हे सगळं लोक खात होते, आवडीने पुन्हा विकत घेत होते आणि कोणाच्या जिभेला काही कळलं नाही. यात जिभेचा दोष नाही. मांसाचा खिमा केला, त्यात मीठ-मसाला, कांदा, टोमॅटोचा रस्सा घातला, गोठवला आणि परत गरम केला, की प्राणी कोणता हे चवीवरून ओळखणं जवळपास अशक्य होतं. आणि हा फक्त फसवणुकीचा प्रश्न नव्हता. २७ पैकी २३ बर्गरमध्ये डुकराचा अंश निघणं म्हणजे ज्यू आणि मुस्लिम ग्राहकांच्या धर्मपालनाचा प्रश्न. शिवाय घोड्यांना दिलं जाणारं एक वेदनाशामक औषध माणसांच्या अन्नसाखळीत यायला बंदी आहे, त्याची भीती वेगळी.

आंब्याच्या पेटीचं उदाहरण

अर्थशास्त्रात यासाठी एक सोपी विभागणी आहे. १९७० मध्ये फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे गुण दोन प्रकारचे सांगितले : विकत घेण्याआधी पाहून कळणारे आणि वापरल्यावर कळणारे. १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला : वापरल्यानंतरही न कळणारे, निव्वळ भरवशावर घ्यायचे गुण.

हापूसची पेटी आठवा. रंग, आकार, डाग हे पाहून कळतं. गोड आहे की आंबट, आत साका आहे का, हे कापल्यावर कळतं. पण तो देवगडचा की दुसरीकडचा, पिकवताना काय वापरलं, हे आंबा खाऊन कोय टाकून दिल्यावरही बहुतेकांना खात्रीने सांगता येत नाही. तिथे विकणाऱ्याचा शब्द, पेटीवरचा शिक्का किंवा प्रयोगशाळा एवढंच हाती उरतं.

फास्ट फूडमधल्या मांसाचं बरंचसं या तिसऱ्या खान्यात मोडतं. ते कुरकुरीत आहे का, कोरडं पडलंय का, खारट आहे का, यावर ग्राहकाचं मत हा उत्तम पुरावा आहे. पण 'मांस चांगल्या दर्जाचं आहे' हे वाक्य ग्राहक ज्या अर्थाने वापरतात (कोणत्या भागाचं, किती टक्के, कसं साठवलेलं) त्यातलं जिभेला फारच थोडं कळतं.

उलट बाजू : प्रयोगशाळा खूश, ग्राहक संतापलेले

आयर्लंडमध्ये ग्राहक समाधानी होते आणि प्रयोगशाळेने गडबड पकडली. अमेरिकेत वर्षभर आधी नेमकं उलट घडलं होतं.

बैलाचे मोठे तुकडे कापून झाल्यावर चरबीला चिकटलेलं थोडं मांस उरतं. बीफ प्रॉडक्ट्स इंक या कंपनीने ते किंचित गरम करून, वेगाने फिरवून चरबी वेगळी काढण्याची पद्धत बसवली होती. जंतू मारण्यासाठी त्यावर अमोनिया वायूचा मारा केला जाई. तयार झालेलं कमी चरबीचं बारीक मांस नेहमीच्या खिम्यात मिसळलं जायचं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मते ते सुरक्षित होतं आणि बीफच होतं.

पण २००२ मध्ये याच खात्यातले एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेराल्ड झर्नस्टीन यांनी अंतर्गत ईमेलमध्ये त्याला 'पिंक स्लाइम' म्हटलं, म्हणजे गुलाबी, बुळबुळीत लगदा. २००९ मध्ये हा शब्द न्यूयॉर्क टाइम्समधून बाहेर आला. २०११ मध्ये ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हरने टीव्हीवर तो घराघरांत नेला. मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आणि टाको बेल यांनी हे मांस वापरणं थांबवलं. मार्च २०१२ मध्ये एबीसी न्यूजने बातम्यांची मालिकाच चालवली आणि सुपरमार्केटही मागे हटली. बीफ प्रॉडक्ट्सने चारपैकी तीन कारखाने बंद केले, सुमारे ६५० जणांची नोकरी गेली. कंपनीने एबीसीवर १९० कोटी डॉलरचा दावा लावला. तो २०१७ मध्ये तडजोडीने मिटला आणि एबीसीच्या मालक कंपनीच्या, म्हणजे डिस्नेच्या, हिशेबात त्यापोटी १७.७ कोटी डॉलरचा खर्च दिसला.

यात ग्राहक मूर्ख ठरले, असं मला वाटत नाही. त्यांची खरी तक्रार सोपी होती : हे खिम्यात मिसळता, तर पाकिटावर लिहीत का नाही? कारण भरवशावर घ्यायच्या वस्तूत भरवसा हाच मालाचा भाग असतो. मात्र त्या मांसाचा दर्जा वाईट असल्याचा पुरावा म्हणून लोकांच्या किळसेकडे बोट दाखवता येत नाही. किळस त्या नावाची होती. तेच मांस लोक वर्षानुवर्षं खात आले होते.

अर्थात, प्रयोगशाळेचा आकडाही वाचावा लागतो. २०१७ मध्ये कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने सबवेच्या चिकनचा डीएनए तपासून घेतला आणि एका प्रकारात जेमतेम निम्मा डीएनए कोंबडीचा, उरलेला बहुतेक सोयाबीनचा निघाला. 'अर्धं चिकन, अर्धं सोया' असा अर्थ लोकांनी लावला. पण डीएनएची टक्केवारी म्हणजे वजनाची टक्केवारी नव्हे. शिजवलेल्या, प्रक्रिया केलेल्या मांसात डीएनए तुटतो, आणि चाचणी वजन मोजतच नाही. सबवेने आपल्या चाचण्यांत सोया एक टक्क्याहून कमी असल्याचं सांगितलं आणि वाहिनीला कोर्टात खेचलं.

वेष्टन काढल्यावर काय उरतं?

२००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोनदा दिला : एकदा मॅकडोनाल्ड्सच्या वेष्टनात, एकदा साध्या. पदार्थ तोच, तरी जास्त मुलांना मॅकडोनाल्ड्सचा 'चविष्ट' लागला. गंमत म्हणजे गाजर आणि दूध याबाबतही तसंच झालं.

मोठ्यांचं वेगळं असतं असं समजू नका. फोनच्या कॅमेऱ्यांबद्दल हेच कोडं यूट्यूबर मार्केस ब्राउनली यांनी लाखो लोकांपुढे टाकलं. एकाच दृश्याचे दोन फोटो, फोनचं नाव लपवलेलं, आवडेल तो निवडा. २०२२ च्या फेरीत दोन कोटींहून जास्त मतं पडली. पहिला आला गूगलचा स्वस्तातला पिक्सेल ६ए, ज्याचा मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा आणि सेन्सर काही वर्षं जुना. आयफोन १४ प्रो सातव्या क्रमांकावर गेला. नाव दिसत असतं तर निकाल असा लागला असता का?

तरीही फोनच्या बाबतीत ग्राहकाची बाजू मांसापेक्षा मजबूत आहे. पडद्याचा आकार, वजन, साठवण, किंमत हे दुकानातच कळतं. तापतो का, आवाज नीट येतो का, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते का, हे आठवड्याभरात कळतं. दोन प्रतिस्पर्धी फोन शेजारी ठेवून पाहता येतात, दोन बर्गरमधल्या मांसाचे कत्तलखाने पाहता येत नाहीत. त्यामुळे एखादा फोन तापतो असं शेकडो लोक सांगत असतील, तर ते खरं मानायला हरकत नाही.

पण फोनमध्येही भरवशावरचा कोपरा आहे, आणि तो वाढतो आहे. जुलै २०१३ मध्ये आनंदटेकने दाखवलं की सॅमसंगच्या गॅलेक्सी एस४ ची एक आवृत्ती वेग मोजणारी ठरावीक ॲप ओळखायची आणि तेवढ्यापुरता ग्राफिक्सचा भाग ५३३ मेगाहर्ट्झवर पळवायची. बाकी वेळी मर्यादा ४८० ची. परीक्षक दारात दिसला की वर्ग शांत, तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग सॉफ्टवेअरमधून कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण होतं. पण फोन मंद झालाय हे लोकांना जाणवत होतं, तो का मंद झालाय हे कळत नव्हतं, आणि अनेकांनी २९ डॉलरच्या नव्या बॅटरीऐवजी नवा फोन घेतला असणार. (२९ हा भावही वाद पेटल्यावरचा, आधी ७९ होता.)

सगळ्यात बोलकी गोष्ट चंद्राची. मार्च २०२३ मध्ये एका वापरकर्त्याने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र संगणकाच्या पडद्यावर लावलं आणि सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. मूळ चित्रात नसलेले खड्डे आणि डाग फोटोत दिसले. सॅमसंगने सांगितलं की चंद्र ओळखून त्यावरचे तपशील कृत्रिम बुद्धिमत्तेने ठळक केले जातात. फोटो सुंदर होता, पाहणारे खूश होते. तो किती लेन्सचा आणि किती सॉफ्टवेअरचा, हे मात्र नुसतं बघून सांगता येत नाही. बर्गरमधल्या खिम्याचा प्रश्न इथे फोटोत आला.

मग परीक्षणं कशी वाचायची?

आधी मत कशाबद्दल आहे ते पाहा. 'पॅटी कोरडी होती', 'फोन हातातून घसरतो' ही वाक्यं सांगणाऱ्याला खरोखर माहीत असलेली आहेत. 'मांस अस्सल आहे', 'प्रोसेसर सगळ्यात वेगवान आहे' ही वाक्यं त्याला बहुधा माहीत नसतात, ती जाहिरातीतून किंवा रागातून आलेली असतात. वीस-तीस हजार रुपये मोजून फोन घेतलेला माणूस आपली निवड चुकली असं सहसा म्हणत नाही, हेही धरून चाला. सहा महिन्यांनी लिहिलेलं परीक्षण पहिल्या दिवशीच्या दहा परीक्षणांपेक्षा कामाचं.

खोट्या परीक्षणांचा प्रश्न भारतातही एवढा वाढला की भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. लिहिणारा खरा आहे का, हे तपासायची पद्धत त्यात दिली आहे. ते आलं तेव्हा पाळणं ऐच्छिक होतं.

मांसासाठी मात्र परीक्षणांचा उपयोग थोडाच. तिथे परवाना, अन्नसुरक्षा खात्याची तपासणी आणि अचानक घेतलेले नमुने हेच कामाला येतात. ब्रिटननेही घोड्याच्या मांसाच्या प्रकरणानंतर अन्नातल्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला.

फोन कंपन्या सध्या विकतायत तो गुण तर आणखीच पुढचा आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी सात वर्षं अपडेट देण्याचं वचन दिलं. दोन्ही फोनांच्या परीक्षणांत या वचनाला गुण मिळाले. ते पाळलं गेलं की नाही, याबद्दल कोणाही ग्राहकाला खात्रीचं मत देता येईल ते गूगलबाबत २०३० च्या शेवटी आणि सॅमसंगबाबत २०३१ मध्ये.