मुंबईचें ट्रंपेट

भांडुपसारख्या उपनगरांत लग्नाची वरात निघाली, कीं बँडवाल्यांचें ट्रंपेट दुरूनच ऐकूं येतें. या पितळी वाद्याची मुंबईला आणखी एक ओळख आहे. ती जॅझ संगीतामुळें झाली.

जॅझ अमेरिकेंतील न्यू ऑर्लिन्स शहरीं कृष्णवर्णीय समाजांत वाढलें. त्याच्या जुन्या पद्धतींत ट्रंपेट मुख्य चाल सांगतें, क्लॅरिनेट तिच्यावर नक्षी काढतें आणि ट्राँबोन खालून आधार देतें. चाल ठरलेली, विस्तार मात्र आयत्या वेळचा. बंदिश आणि तान यांचें नातें जाणणाऱ्यास हें समजणें कठिण नाहीं. भेद एवढाच, कीं येथें तिघेहि एकाच वेळीं विस्तार करीत असतात.

१९३५ सालीं लिऑन अ‍ॅबीचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आला. त्यांत क्रिकेट स्मिथ हा पन्नाशी ओलांडलेला ट्रंपेटवादक होता. पहिल्या महायुद्धापूर्वीं त्यानें न्यूयॉर्कमध्यें जेम्स रीस युरोप याच्या संचांत वाजविलें होतें. १९३६ सालीं त्यानें मुंबईंतच स्वतःच्या संचाच्या ध्वनिमुद्रिका काढल्या.

त्या काळीं शहरांत गोमंतकीय वादक पुष्कळ होते. गोव्यांतील चर्चच्या शाळांत त्यांना स्वरलिपि व व्हायोलिन यांचें शिक्षण मिळालेलें असे. कागदावरचें संगीत त्यांना बिनचूक येई. कागद सोडून वाजविणें तेवढें शिकावयाचें होतें. तें पुस्तकांतून येत नाहीं. जाणत्याच्या शेजारीं बसून किंवा तबकडी पुनःपुन्हा ऐकूनच येतें. हळदोण्यास १९१६ सालीं जन्मलेले आंतोनियो शाव्हियेर वाझ ही विद्या शिकले. लुई आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. ‘चिक चॉकलेट’ या नांवानें ते ताजमध्यें गाजले. पुढें पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांचे ते साहाय्यक झाले. भगवान यांच्या ‘अलबेला’ या १९५१ च्या चित्रपटांतील नाचरी लय घरोघरीं पोंचली, तींत या परंपरेचा वांटा मोठा आहे.

१९६७ सालीं वाझ निवर्तले. चित्रपटांच्या नामावलींत वादकांचीं नांवें क्वचितच येत, आणि आयत्या वेळीं सुचलेला स्वर स्वरलिपींत उतरत नाहीं. म्हणून एका बाजूस जेमतेम तीन मिनिटें वाजणारी ती लाखेची तबकडी मोलाची ठरते. ती फुटली, तर त्या वादकाची साक्षच नाहींशी होते. कोणाच्या माळ्यावर अशी एखादी पडून असेल, तर ती मोडींत घालण्यापूर्वीं एकवार ऐकावी.