वाशीमचीं बिऱ्हाडें आणि उचल

अकोल्यापासून १ जुलै १९९८ रोजीं वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या खानेसुमारींत ११,९७,१६० भरली. ही मोजणी झाली ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत, आणि ऐन त्याच दिवसांत मानोऱ्याकडील तांड्यांतून कित्येक घरांस कुलुपें असतात.

सोयाबीन निघालें, दिवाळी सरली, कीं बिऱ्हाड ऊसतोडीस निघतें. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. मजुरी त्या जोडीची, म्हणून बाईच्या हातीं वेगळें असें कांहीं पडत नाहीं. मुकादम उचल देतो ती हंगामापूर्वींच. लग्नांत, औषधपाण्यांत, जुन्या देण्यांत ती संपते. म्हणजे पैसा गांवांत आधीं येतो, आणि तो फेडण्यासाठीं माणसें मागून बाहेर जातात! मुंबईच्या नोकरदाराची मनिऑर्डर निराळी. ती श्रमानंतर येते. उचल फिटली नाहीं, तर बाकी पुढल्या सालावर चढते.

खानेसुमारीचा नियम असा, कीं मोजणीच्या मुदतींत जो थोडा तरी काळ घरीं असेल, त्यास घरीं मोजावें; सारी मुदत बाहेर असेल, तर जेथें आढळेल तेथें. मग तोडणीवाला मोजला जातो दूर कारखान्याच्या हद्दींत. त्याची शाळा आणि दवाखाना मात्र तांड्यापाशींच हवा असतो. २०१८ सालीं ‘आकांक्षित’ ठरलेल्या जिल्ह्यास ही तूट लहान नव्हे.

पुढील खानेसुमारीची संदर्भतिथि १ मार्च २०२७ जाहीर झालेली आहे; अर्थात् पुन्हा तोडणीचाच हंगाम. २०११ च्या पत्रकांत मागील वास्तव्याचें ठिकाण विचारलेलें होतें. गणकानें फडावर तो प्रश्न केल्यास तांडा, तालुका आणि जिल्हा हीं तिन्ही नांवें लिहवून घ्यावीं.