शॉकअपचा खालचा पिन तुटला तर

जुन्या जीपमध्ये खड्ड्यातून जाताना मागून ‘खट्’ असा आवाज आला आणि गाडी डुलत राहिली, तर खाली वाकून शॉकअपचे खालचे टोक पाहा. स्प्रिंगच्या पाट्यांना ॲक्सलशी बांधणाऱ्या यू-बोल्टच्या प्लेटवर तिथे एक जाड पिन असतो. गंज, चिखल आणि झिजलेला रबरी बुश यांमुळे तो मुळाशी तडकतो. तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजलेला आणि अर्धा चकचकीत दिसला, तर तडा जुना आहे असे समजा.

नुसता वरवर वेल्डिंगचा टाका मारू नका. तो पुन्हा सुटतो. प्लेट सुटी काढता येते, म्हणून ती नवी बसवणेच उत्तम. गाडी नुसत्या जॅकवर कधीही ठेवू नका. चेसिसखाली घोड्या (स्टँड) लावा आणि ॲक्सलला जॅकचा आधार द्या. नवे यू-बोल्ट आणि बुश घाला. शॉकअपचा नट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर बुश पिळला जाऊन लवकर फाटतो. थोडे अंतर चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळा. एवढी काळजी घेतली, तर जुनी गाडी पुन्हा भरवशाची होते.