तासांवर मोजले जाणारे यंत्र : नाशिकच्या मातीत डर्ट बाइक सांभाळताना

डांबरी रस्ता सोडून माती, मुरूम, खडकाळ चढ आणि उड्यांसाठी रचलेल्या मातीच्या धावपट्ट्या यांवर चालवण्यासाठी बनवलेल्या हलक्या मोटारसायकलीला डर्ट बाइक म्हणतात, परंतु या एकाच नावाखाली भारतात सध्या दोन अगदी वेगळ्या जातीची यंत्रे विकली जातात. हिरोची एक्सपल्स २०० किंवा कावासाकीची केएलएक्स २३० यांसारख्या पहिल्या जातीच्या गाड्यांचे आरटीओत पासिंग होते आणि त्या एमएच-१५ ची पाटी लावून आठवडाभर कामावर जाऊन रविवारी माळावर उतरू शकतात. दुसऱ्या जातीत कावासाकी केएक्स २५०, केटीएम २५० एसएक्स-एफ आणि ४५० एसएक्स-एफ या गाड्या येतात. त्या निव्वळ स्पर्धेसाठी घडवलेल्या असून त्यांना हेडलाइट, इंडिकेटर किंवा आरसेही नसतात. नाशिकला मोटार क्रीडेचे वळण जुने आहे; रॅली ऑफ महाराष्ट्र ही मोटारींची स्पर्धा या जिल्ह्यात भरत आली आहे आणि दुचाकींच्या राष्ट्रीय सुपरक्रॉस अजिंक्यपदाच्या फेऱ्याही शहराने पाहिल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात केटीएमने आपल्या स्पर्धेच्या गाड्या भारतात अधिकृतपणे विकायला काढल्या, तेव्हापासून दुसऱ्या जातीच्या गाड्यांविषयीचे कुतूहल अधिकच वाढले आहे. या कुतूहलातून गाडी घेणाऱ्याला किंमत माहीत असते. ती गाडी चालती ठेवायला काय लागते, हे मात्र पुष्कळदा गाडी दारात आल्यावर कळते.

रस्त्यावरच्या गाडीची देखभाल किलोमीटरवर ठरते आणि स्पर्धेच्या गाडीची इंजिन चाललेल्या तासांवर, म्हणून अशा गाडीला इंजिन किती वेळ चालू होते हे नोंदवणारा तासमापक असतो किंवा मालकाने तो बसवून घ्यायचा असतो. या फरकाचे मूळ इंजिनाच्या रचनेत आहे. एक्सपल्सच्या २०० सीसी इंजिनात पिस्टनचा प्रवास, म्हणजे वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचे अंतर, ५७.५ मिलिमीटर आहे आणि त्या इंजिनाची सर्वाधिक ताकद मिनिटाला ८,५०० फेऱ्यांच्या आसपास मिळते; तेथे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १६ मीटर भरतो. स्पर्धेच्या २५० सीसी इंजिनात हा प्रवास साधारण ५२ मिलिमीटर असला तरी फेऱ्या १४,००० पर्यंत जातात, त्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग २४ मीटरच्या वर पोहोचतो आणि प्रत्येक टोकाला थांबून उलटे फिरताना त्याला बसणारा झटका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने जवळजवळ अडीचपट होतो. हा झटका सोसता यावा म्हणून पिस्टन शक्य तितका हलका आणि आखूड केलेला असतो, व्हॉल्व्ह टायटॅनियमचे असतात आणि इंजिनात ऑइल जेमतेम लिटरभर मावते, कारण प्रत्येक अनावश्यक ग्रॅम गाळूनच पूर्ण गाडीचे वजन १०८ किलोच्या आसपास आणलेले असते, तर एक्सपल्स दीडशे किलोच्या पुढे जाते. मधल्या पन्नास किलोंची किंमत आयुर्मानात चुकवावी लागते, आणि ती चुकवण्याची इच्छा नसलेल्याने ही गाडी घेऊ नये, असे स्पष्ट म्हणणे भाग आहे.

देखभालीच्या पुस्तिकांत याचे आकडे दिलेले असतात. स्पर्धेच्या वापरात इंजिन ऑइल साधारण दर १० तासांनी बदलावे लागते, व्हॉल्व्हची फट ठरावीक तासांनी तपासावी लागते, आणि पिस्टन व रिंगा मॉडेल व वापर यांनुसार ५० तासांच्या आसपास बदलायच्या असतात. कसून स्पर्धा खेळणारे हे काम त्याच्याही बरेच आधी करतात. दर रविवारी दोन तास गाडी चालवणाऱ्याचे वर्षाला सुमारे १०० तास होतात, म्हणजे दहा वेळा ऑइल आणि निदान दोनदा पिस्टन. मातीवरचा सरासरी वेग ताशी ४० किलोमीटर धरला तर हे शंभर तास म्हणजे अवघे ४,००० किलोमीटर, आणि तेवढ्या अंतरात रस्त्यावरच्या साध्या गाडीची एक-दोन वेळा सर्व्हिसिंग होऊन जाते. ऑइलचा खर्च जाणवण्याजोगा असला तरी झेपणारा असतो, कारण चांगल्या प्रतीचे ऑइल लिटरला हजार रुपयांच्या आसपास मिळते. पिस्टन बदलताना मात्र रिंगा, पिन, गॅस्केट आणि बहुधा कॅम चेनही बदलावी लागते, हे सुटे भाग आयात होऊन येतात आणि बिल पाच आकड्यांत जाते.

हे काम पुढे ढकलण्याचा मोह होतो, कारण गाडी शेवटपर्यंत झकास पळत असते आणि झिजलेला पिस्टन आधी फारशी सूचना देत नाही. तो भर वेगात फुटला की त्याचे तुकडे सिलिंडर ओरबाडतात, कनेक्टिंग रॉड वाकवतात आणि प्रसंगी क्रँककेसही फोडतात, म्हणजे वेळेवर केलेल्या कामाच्या कितीतरी पट खर्च एका क्षणात उभा राहतो. येथे नाशिकच्या मालकाला आणखी एक अडचण येते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहरात लेथ, मिलिंग आणि वेल्डिंगचे कसबी कारागीर मुबलक आहेत, आणि जुन्या गाड्यांचे इंजिनकाम निघाले की सिलिंडर रिबोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, त्यात मोठ्या मापाचा पिस्टन बसवण्याची पद्धत येथे अंगवळणी पडलेली आहे. स्पर्धेच्या गाडीच्या ॲल्युमिनियम सिलिंडरला आतून निकेल आणि सिलिकॉन कार्बाइड यांचा पातळ, अतिशय कठीण मुलामा असतो. तो खरवडला गेला की रिबोअरचा उपाय लागू पडत नाही, तर मुलामा पुन्हा चढवून घ्यावा लागतो किंवा नवा सिलिंडर मागवावा लागतो. चांगल्या मिस्त्रीचा हात असूनही येथे निरुपाय होतो, आणि इंजिन खोलण्यापूर्वी हे माहीत असणे मालकाच्या हिताचे असते.

इंजिनाच्या आयुष्यावर सर्वांत मोठा परिणाम करणारी वस्तू बहुधा सर्वांत स्वस्त असते, ती म्हणजे एअर फिल्टर. रस्त्यावरच्या गाडीत तो कागदाचा असतो आणि महिनोन्‌महिने त्याकडे पाहिले नाही तरी चालते. डर्ट बाइकमध्ये तो स्पंजासारख्या फोमचा असून त्याला चिकट फिल्टर ऑइल लावलेले असते आणि धूळ त्या चिकटपणातच अडकते. सिन्नर, येवला या पर्जन्यछायेतल्या पूर्व भागात मार्च ते मे या काळात गाडीवाटांवर घोट्याइतका फुफाटा साचतो, आणि तीन-चार जण एकामागून एक निघाले तर मागच्याची गाडी अखंड धुळीच्या ढगातून श्वास घेते. ही धूळ बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून आलेली असते आणि तिच्यातले फेल्डस्पारचे कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमहून कितीतरी कठीण असतात. फिल्टरच्या कडेतून ती थोडी जरी आत शिरली तरी ऑइलशी मिसळून गॅरेजमध्ये व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी पेस्ट तयार होते, जी रिंगा खाते आणि टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवरचा पातळ संरक्षक थर उडवते. व्हॉल्व्ह बैठकीत खोल जाऊ लागतात, फट संपते आणि एके दिवशी थंड इंजिन सुरूच होत नाही. म्हणून धुळीत चालवलेल्या गाडीचा फिल्टर त्याच संध्याकाळी काढून, फिल्टर क्लीनरमध्ये किंवा रॉकेलसारख्या सौम्य द्रावकात धुऊन, पिळताना फाटणार नाही अशा बेताने दाबून, पूर्ण वाळवून पुन्हा ऑइलात भिजवावा लागतो आणि बसवताना त्याच्या कडेला ग्रीस लावावे लागते. पेट्रोलने धुण्याची सवय सोडली पाहिजे, कारण पेट्रोल फोमचे जोड उखडते आणि आगीचा धोका तर असतोच. दोन-तीन फिल्टर आलटून-पालटून वापरणे ही या सगळ्या छंदातली सर्वांत फायदेशीर गुंतवणूक होय.

पावसाळ्यात प्रश्न पालटतो. त्र्यंबकेश्वर, पेठ आणि इगतपुरीच्या बाजूला पाऊस प्रचंड पडतो, आणि काळी माती पाणी पिऊन फुगली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापले जाणारे तिचे थर चाक अक्षरशः जाम करतात. रेडिएटरच्या जाळ्या लिंपल्या जातात, आणि स्पर्धेच्या गाड्यांना बहुधा पंखा नसल्याने, वेग नसताना क्लच अर्धा दाबून चढ काढणाऱ्याचे पाणी उकळते व क्लच प्लेटा जळतात. घरी परतल्यावर ही माती काढायला बहुतेकांच्या हाताशी जोरदार धारेचा एचटीपी पंप असतो, कारण दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत फवारणीसाठी तो घरोघर असतो. त्याची धार चाकांच्या आणि मागच्या लिंकेजच्या बेअरिंगांवर थेट मारली की सील ओलांडून पाणी आत जाते, ग्रीस धुऊन निघते आणि दोन महिन्यांत बेअरिंग गंजून आवाज करू लागते. माती आधी भिजू द्यावी, धार लांबून आणि तिरकी मारावी, नंतर इंजिन थोडे चालवून गाडी वाळवावी आणि चेनला वंगण द्यावे, एवढी शिस्त पाळली तर ही बेअरिंगे टिकतात. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर चिखल वाळू देऊ नये, कारण वाळलेला कण ऑइल सील कापतो आणि गळलेले ऑइल ब्रेकच्या पॅडवर उतरले तर तो पैशाचा प्रश्न उरत नाही, जिवाचा होतो.

चेन, स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि मोठ्या नक्षीचे टायर हा नित्याचा खर्च आहे आणि तो दोन्ही जातींच्या गाड्यांना येतो. त्यातल्या त्यात स्पोकांकडे दुर्लक्ष होते. नव्या किंवा नुकत्याच बांधलेल्या चाकाचे स्पोक पहिल्या काही तासांत सैलावतात आणि तसेच चालवले तर रिम वाकते.

खरेदीच्या किमतीचा अंदाज यावा म्हणून सांगायचे तर एक्सपल्स २०० ही २०१९ मध्ये सुमारे ९७ हजार रुपयांना आली होती, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएम २५० एसएक्स-एफची किंमत साडेनऊ लाखांच्या पुढे आणि ४५० एसएक्स-एफची दहा लाखांच्या पुढे ठेवली गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे २५० आणि ४५० यांच्यातली दरी करानेही रुंदावली आहे. याखेरीज मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणी नसलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवता येत नाही, म्हणून स्पर्धेची गाडी घरापासून सरावाच्या जागेपर्यंत पिकअपमधून न्यावी लागते आणि ते भाडे दर वेळी हिशेबात धरावे लागते. जागेचाही विचार आधी व्हावा. बोरगड आणि अंजनेरी ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत, तेथल्या डोंगरउतारांवर दुर्मीळ वनस्पती तगून आहेत आणि चाकांनी पडलेल्या चऱ्या पुढच्या पावसात ओहळ होतात. म्हणून तेथे न जाता जमीनमालकाच्या परवानगीने खासगी बरड जमीन वापरणे हाच योग्य मार्ग आहे.

नाशिकमधल्या बहुतेक हौशी चालकांसाठी पहिल्या जातीची गाडी अधिक शहाणपणाची ठरते. तिचे सुटे भाग शहरात मिळतात, कोणताही जाणता मेकॅनिक ती उघडू शकतो, आणि हिरोने २०२० मध्ये सुमारे ३८ हजार रुपयांना आणलेल्या रॅली किटसारख्या सामानाने तिचे सस्पेन्शन मातीसाठी पुष्कळ सुधारता येते. तीही मातीत नियमित जात असेल तर पुस्तिकेतले किलोमीटर तिला लागू करू नयेत. ऑइल आणि फिल्टरचे अंतर निम्म्यावर आणावे. पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकीतले पेट्रोल काढून ठेवणे बरे, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतले पाणी ओढून घेऊन इंजेक्टरपर्यंत गंज पोहोचवते.

स्पर्धेची गाडी जुनी घ्यायची झाल्यास तासमापकाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण तो बदलता येतो. पिस्टन किती तासांपूर्वी बदलला याची लेखी नोंद आणि सुट्या भागांच्या पावत्या मागाव्यात, फिल्टर काढून त्यामागच्या नळीत बोट फिरवून धूळ लागते का ते पाहावे, मागचे चाक उचलून वर-खाली हलवत लिंकेजमधली ढिलाई तपासावी, आणि इंजिन आधीच गरम करून ठेवलेले असेल तर ते थंड होईपर्यंत थांबून मगच सुरू करून पाहावे.