पोथी संगणकात आली, पण वाचणार कोण?

तंजावरला गेलेला मराठी प्रवासी आधी बृहदीश्वराचे मंदिर पाहतो. तिथे भिंतीवर मराठीत कोरलेला भोसले घराण्याचा इतिहास दिसला की त्याला नवल वाटते. कावेरीच्या काठी मराठी आली कशी? पण त्याहून मोठे नवल राजवाड्याच्या आवारात आहे. ते म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय.

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावर घेतले. नायक राजांपासून चालत आलेला ग्रंथसंग्रह भोसल्यांनी जपला आणि वाढवला. त्यात सिंहाचा वाटा दुसऱ्या सरफोजीराजांचा (१७७७-१८३२). काशीयात्रेला गेले, तेव्हा तिथूनही त्यांनी पोथ्या मिळवल्या. आज संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी मिळून चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखिते इथे आहेत. शहाजीराजांची (१६८४-१७१२) मराठी नाटके इथेच टिकली. राजाच्या मुदपाकखान्यातले पदार्थ सांगणारे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ ग्रंथालयाने छापूनही काढले.

१९१८ साली हा संग्रह लोकांसाठी खुला झाला खरा, पण दूरच्या माणसाला त्याचा उपयोग किती? बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने केलेली संस्कृत पोथ्यांची सूची १८८० साली छापून झाली होती. सूचीत नाव सापडले, तरी पोथीसाठी आगगाडीने तंजावर गाठायचे आणि दिवसचे दिवस बसून हाताने नक्कल करायची, हाच मार्ग होता.

१९९८ साली ग्रंथालयात संगणकीकरणाला सुरुवात झाली. २००३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय पांडुलिपी अभियान काढले आणि २०२५च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञानभारतम्’ मोहीम जाहीर झाली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांची नोंद आणि जतन हे तिचे उद्दिष्ट. याचा पहिला फायदा पोथीलाच. ताडपत्राला गवती चहाचे तेल लावायचे, कपाटात वेखंड, मिरी, लवंग, दालचिनी, कापूर यांची पुरचुंडी ठेवायची, ही जुनी राखण चालतेच. पण प्रत्येक हाताळणीत पान थोडे झिजते. एकदा छायाचित्र निघाले की शंभर अभ्यासकांना एकच प्रत पुरते, आणि ती पुण्यात किंवा पॅरिसमध्ये बसूनही पाहता येते.

मग अडले कुठे?

छायाचित्र म्हणजे वाचन नव्हे. तंजावर दरबारचा खर्च, देवस्थानांचे हिशेब, नोकरांचे पगार हे सारे मोडी लिपीत आहे. मोडीत हात न उचलता लिहायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागाही नाही. संगणकाच्या जागतिक लिपी-संकेतात, म्हणजे युनिकोडमध्ये, मोडीला जागा मिळाली ती २०१४ साली. यंत्राला मोडी शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. पण यंत्राला शिकवायलाही आधी मोडी जाणणारा माणूस लागतो! राज्यकर्त्यांबरोबर दक्षिणेत गेलेली मराठी कुटुंबे आजही घरात आपली मराठी बोलतात. मात्र त्यांतल्या अनेकांचे लिहिणे-वाचणे तमिळ लिपीत झाले. तेव्हा ही जबाबदारी इकडच्या मराठी माणसाने उचलायला नको का?

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर आजोबांची एखादी ट्रंक असेल. त्यात मोडी कागद निघाले, तर रद्दीत टाकू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. सावलीत ठेवून मोबाइलवर सरळ, स्पष्ट छायाचित्रे काढा, कागद कुणाकडून आला ते लिहून ठेवा आणि एक प्रत दुसरीकडेही जपा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांकडे जाणकार भेटतात. घरातल्या एखाद्या मुलाने वा मुलीने सुटीत मोडी शिकायला घेतली, तर उत्तमच.

सरफोजीराजांनी पोथ्या जमवल्या. आपल्या पिढीने त्यांची छायाचित्रे काढली. त्या वाचणारे डोळे मात्र कुठल्याही यंत्रातून विकत मिळत नाहीत, ते घराघरांतूनच तयार व्हायला हवेत.