भेट आलेल्या लेखणीची ओळख

वडीलधाऱ्यांकडून मिळणाऱ्या भेटींत फाउंटन पेनचे स्थान काही वेगळेच असते. घड्याळ किंवा कापड दुकानातून येते. जुनी लेखणी मात्र कोणाच्या तरी खिशातून, टेबलाच्या खणातून आपल्या हाती येते. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या भाच्याला मामा आपली लेखणी देतात, निवृत्त होणारे गृहस्थ कचेरीतील धाकट्या सहकाऱ्याला देतात. मग घरात दोन प्रश्न हमखास निघतात: ही अस्सल आहे काय, आणि हिची किंमत किती? आमच्या मते दुसरा प्रश्न काही काळ बाजूस ठेवावा. पहिल्याचे उत्तर बहुधा लेखणीच्या अंगावरच असते. ते वाचण्यापूर्वी तिला घासून लख्ख करण्याची घाई मात्र करू नये.

उदाहरणादाखल 'पार्कर 51' ही सुप्रसिद्ध लेखणी घेऊ. जॉर्ज पार्कर यांनी 1888 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, जेन्सव्हिल येथे आपली कंपनी स्थापन केली. कंपनीच्या एक्कावन्नाव्या वर्षी, म्हणजे 1939 साली, ही लेखणी आकारास आली, म्हणून तिचे नाव 51. सर्वत्र विक्रीस ती 1941 साली आली. तिची चौदा कॅरट सोन्याची निब आवरणाखाली झाकलेली असते आणि केवळ टोक बाहेर दिसते. या लेखणीसाठी कागदावर चटकन वाळणारी शाई योजिली होती. ती निबेवरच वाळू नये, म्हणून हे आवरण.

तथापि झाकलेल्या निबेवरून निर्णय करणे धोक्याचे आहे. आपल्याकडे घरोघरी वापरल्या गेलेल्या चिनी 'हिरो' लेखण्यांपैकी कित्येकींची ठेवण अशीच आहे. पार्करनेच 1948 साली काढलेली स्वस्त 'पार्कर 21' देखील दिसावयास तिची धाकटी बहीण. शिवाय 2021 साली कंपनीने जुन्याच नावाची नवी लेखणी आणली. तिचे टोपण आट्यांवर फिरवून बसवावे लागते. जुन्या 51 चे टोपण नुसते सरकवून बसते. म्हणून टोपणाची कड आणि नळी भिंगाखाली धरून कोरलेली अक्षरे सावकाश वाचावीत. निर्मात्याचे नाव, अमेरिका की इंग्लंड हा देश, आणि कधीकधी एखादा एकटा अंकही तेथे सापडतो.

तो अंक वर्षाचा शेवटचा आकडा होय. पण 3 म्हणजे 1943 की 1953? याचे उत्तर शाई भरण्याच्या रचनेत मिळते. नळीच्या शेवटाची लहान टोपी निघून आत दाबावयाची कळ दिसली, तर ती 'व्हॅक्युमॅटिक'. अमेरिकेत ही रचना 1948 पर्यंत चालली. संपूर्ण नळी फिरून निघाली आणि आत धातूच्या आवरणात दाबपट्टी दिसली, तर ती 1948 पासूनची 'एअरोमेट्रिक'. म्हणजे कळ असेल तर 1943, दाबपट्टी असेल तर 1953. मात्र जे सहज फिरत नाही त्यावर जोर करू नये. पक्कड तर लावूच नये.

सोनेरी टोपण पाहून पुष्कळांची समजूत होते की ते भरीव सोन्याचे आहे. टोपणावर '1/10 12 सीटी' असे काही कोरले असेल, तर ते हलक्या धातूवर चढविलेल्या सोन्याच्या पत्र्याचे असते. असे टोपण पॉलिश करू नये. सोने झिजते आणि अक्षरेही पुसट होतात. नळी ल्यूसाइट नावाच्या प्लास्टिकची असल्यामुळे तिला स्पिरिट किंवा उकळते पाणी लावू नये. साध्या कोमट पाण्याने शाई सुटेतो धुवावे आणि फाउंटन पेनचीच शाई भरावी. चित्रकलेची शाई आत सुकून बसते.

पुष्कळ लेखण्यांवर पूर्वीच्या मालकाचे नाव कोरलेले असते. व्यापारी त्यापायी किंमत कमी सांगतो, आणि काही जण ते नाव घासून काढावयास निघतात. आम्हांस हे मुळीच रुचत नाही. भेट म्हणून आलेल्या लेखणीवरील ते नाव घराच्या इतिहासाचा एक कागदच होय. ही लेखणी कोणी, कोठे, कोणत्या निमित्ताने घेतली, हे सांगणारे माणूस आज आहे, उद्या नसेल. अंकावरून वर्ष कळते. बाकीचे त्या माणसासच विचारावे लागते आणि ते वेळीच लिहून ठेवावे लागते.

शोधाअंती लेखणी पार्कर न निघता हिरो निघाली, तर देणाऱ्यास ते ऐकविण्याचे काही कारण नाही. त्यांनी आपली वापरातली, जिवाभावाची वस्तू दिली. हिरोनेही उत्तम लिहिता येते. लेखणी कोणतीही असो, ती धुऊन, शाई भरून चालू झाली की पहिले पत्र देणाऱ्यासच लिहावे, आणि ते मराठीत लिहावे.