बिनव्याजी भांडवल

'कर्जे-हसना' हा शब्द तुम्ही उर्दूत वाचला असेल. मराठीत त्याला बिनव्याजी कर्ज म्हणतात. जेवढे घेतले तेवढेच परत करायचे, असे हे कर्ज. आपल्या आया-बहिणींना स्वतःचा धंदा उभा करण्यास ते कसे उपयोगी पडते, हे आपण पाहू.

समजा, तळोद्यातील एका बाईला शिवणकाम उत्तम येते. पण तिच्याजवळ शिलाई मशीन नाही. मशीनची किंमत ८,००० रुपये. तारण ठेवायला दागिना नाही, म्हणून ती सावकाराकडे जाते. तो महिन्याला शेकडा ५ रुपये व्याज लावतो. म्हणजे दरमहा ४०० रुपये नुसत्या व्याजाचे! २० महिन्यांत ८,००० रुपये व्याज भरूनही मुद्दल तसेच राहते. कष्ट बाईचे आणि कमाई सावकाराची!

बिनव्याजी पतसंस्थेची रीत वेगळी असते. सभासद आपली थोडी थोडी बचत संस्थेत ठेवतात आणि तिच्यावर व्याज घेत नाहीत. या रकमेतून जामीन घेऊन गरजूंना कर्ज दिले जाते. कामकाजाच्या खर्चापुरते शुल्क मात्र द्यावे लागते. दुसरा प्रकार 'मुराबहा'. यात संस्था स्वतः मशीन विकत घेते आणि आपला नफा उघड सांगून ते बाईला हप्त्यांनी विकते. किंमत ८,८०० रुपये ठरली, तर ८०० रुपयांचे ११ हप्ते होतात. एखादा हप्ता लांबला तरी ठरलेली किंमत वाढत नाही.

स्त्रियांनी व्यापार करणे ही नवी गोष्ट नाही. हजरत खदीजा (रजि.) या मक्केतील नामांकित व्यापारी होत्या. एकाचे भांडवल, दुसऱ्याचे श्रम आणि नफ्यात दोघांचा वाटा, अशा भागीदारीला 'मुदारबा' म्हणतात.

लाहोर येथे २००१ साली डॉ. अमजद साकिब यांनी 'अखुवत' ही संस्था सुरू केली. तिचे पहिले बिनव्याजी कर्ज १०,००० रुपयांचे होते. ते एका विधवा स्त्रीला मिळाले आणि तिने शिवणकाम करून ते फेडले. आपल्या राज्यातही २०१६ साली सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जाची योजना सुरू केली होती.

असे कर्ज म्हणजे खैरात नव्हे. एका बाईने परत केलेला हप्ता हेच दुसऱ्या बाईचे भांडवल असते. तो बुडाला, तर रांगेतली पुढची बाई रिकाम्या हाताने परतते. म्हणून घरखर्च आणि धंदा यांचा हिशेब वेगळा ठेवला पाहिजे.

यात तुम्हीही मदत करू शकता. कर्जाचा अर्ज, जामीनपत्र आणि पावती आपल्याकडे बहुधा मराठीत असते. आईने सही किंवा अंगठा करण्यापूर्वी तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवा. रक्कम किती, हप्ते किती आणि शुल्क किती, हे तिला नीट समजावून सांगा. मगच तिला सही करू द्या.